‘ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?’

पत्राचा सारांश : पत्रलेखिका 41 वर्षांच्या असून एका खासगी कंपनीत हिशेब विभागात काम करतात. त्या मूळच्या नांदेड जिल्ह्यातल्या. गेली 9 वर्षे त्या एका मोठ्या शहराच्या कडेला, काही वर्षांपूर्वी महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावात, 112 सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेत राहतात. त्यांची मुलगी चालत शाळेत जाते. वाटेत साधारण 200 मीटर अंतरात पदपथच नाही, त्यामुळे डंपर आणि टँकर यांच्या बाजूने मुलांना चालावे लागते. याबद्दल त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अनेकदा लिहिले, पालिकेकडे ऑनलाइन तक्रारही केली. ती काम न होताच ‘निकाली’ निघाली. मग धीर करून त्या गावातल्या मंदिराच्या सभामंडपात भरलेल्या बैठकीला गेल्या. तिथे त्यांनी पदपथाचा विषय काढताच एका वयस्कर गृहस्थांनी विचारले, ‘ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?’ आणि चर्चा पुन्हा मिळकतकराकडे वळली. त्या लिहितात : ‘गाववाल्यांना आम्ही सोसायटीवाले नकोच आहोत. पती म्हणतात, आपल्याला काय करायचंय. मला राजकारणात पडायचे नाही, पण नुसते बघत बसणेही जमत नाही. सोसायटीच्या कमिटीत जाऊ, नागरिकांचा एखादा मंच काढू, की हा नाद सोडून देऊ?’ (शहराचे व गावाचे नाव त्यांच्या विनंतीवरून गाळले आहे.)

नमस्कार ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा त्या एका प्रश्नापाशी थांबले. ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ हे वाक्य तुम्हाला दार लावून घेतल्यासारखे वाटले. भर सभेत, आपण एकट्याच अनोळखी असताना, ते तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण तुम्ही नांदेडच्या बाजूच्या आहात म्हणून विचारते : एसटीत शेजारी कुणी बसले, तर तुमच्याकडे पहिला प्रश्न कोणता असतो? ‘गाव कोणतं?’ हाच ना! त्यानंतर आडनाव, मग कुणाचे तरी पाहुणे निघतात, आणि पुढच्या थांब्यापर्यंत शेंगांची पुडी मध्ये ठेवली जाते. आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा ओळख काढण्यासाठीच विचारतात. त्या गृहस्थांचा हेतू काय होता हे मला इथे बसून सांगता येणार नाही. कदाचित त्यात खोचही असेल. पण तुम्ही त्याला उत्तर काय दिले, हे पत्रात कुठेच नाही. मला वाटते, तुम्ही गप्प बसलात. तेव्हा दार लावले गेले असेल, तर त्याला कडी दोन्ही बाजूंनी लागली असण्याची शक्यता आहे.

हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण तुमच्या सगळ्या पत्रात ‘गाववाले’ आणि ‘सोसायटीवाले’ असे दोन तट गृहीत धरलेले आहेत, आणि तुम्ही विचारलेल्या तिन्ही पर्यायांची उत्तरे त्या गृहीतकावर अवलंबून आहेत. म्हणून आधी ते तपासू.

तुम्ही तिथे राहायला आलात तेव्हा ते गाव ग्रामपंचायतीत होते. ग्रामपंचायत असताना वर्षातून निदान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक असते, आणि त्या गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती आपोआप ग्रामसभेची सदस्य असते. सरपंचाला उभे करून ‘अमुक निधीचे काय झाले’ असे विचारण्याची ती हक्काची जागा. प्रत्यक्षात त्या सभा कशा भरतात, गणपूर्तीअभावी कशा तहकूब होतात, याचे मला कौतुक नाही. पण जागा होती. गाव महापालिकेत गेले आणि ती जागा एका अधिसूचनेने नाहीशी झाली. पुण्याचे उदाहरण घ्या. 30 जून 2021 रोजी 23 गावे पुणे महापालिकेत आली, म्हणजे त्यांचे सरपंच गेले. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक बसला. राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झाले ते थेट 15 जानेवारी 2026 रोजी. साडेचार वर्षे त्या गावांना ना सरपंच होता ना नगरसेवक, मिळकतकराची बिले मात्र येत होती. तुमच्या शहराचा तपशील थोडा वेगळा असेल, पण सभामंडपातली चर्चा पुन्हा पुन्हा कराकडे का वळते, याचे उत्तर इथे आहे. ज्यांना आपला आवाज काढून घेतला गेल्यासारखे वाटते आहे अशा माणसांच्या बैठकीत तुम्ही गेला होतात.

महापालिका क्षेत्रातही ग्रामसभेसारखे काही असावे म्हणून 2009 मध्ये राज्याच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलावून त्यांचे ऐकायचे, अशी ती कल्पना. कागदावर ती आजही आहे, प्रत्यक्षात क्वचितच भरते. म्हणजे ज्यांनी सभा गमावली ते गावकरी आणि ज्यांनी सभा कधी पाहिलीच नाही ते सोसायट्यांतले रहिवासी, या दोघांची अडचण एकच आहे. सभामंडपात बोलायला हा विषय पदपथापेक्षाही सोयीचा होता, असे मला राहून राहून वाटते.

आता पदपथाकडे येऊ. तुम्ही लिहिता की रस्त्याच्या दोन्ही टोकांना पदपथ आहे आणि मधलेच 200 मीटर सोडलेले आहेत. तुम्हाला ही पालिकेची बेफिकिरी वाटते, आणि ‘तिथल्या जुन्या लोकांचा दबाव’ असाही तर्क तुम्ही केला आहे. असा तुटलेला तुकडा दिसला की मी आधी एक प्रश्न विचारते : ती जमीन कोणाची आहे? विकास आराखड्यात रस्ता रुंद दाखवलेला असतो, पण तेवढी सगळी जागा पालिकेच्या ताब्यात असतेच असे नाही. बिल्डरने इमारतीची परवानगी घेताना आपल्या हद्दीतला पट्टा पालिकेकडे दिलेला असतो, म्हणून सोसायट्यांसमोर पदपथ होतो. मधला तुकडा बहुधा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. त्याचा मोबदला रोख द्यायचा, टीडीआर (म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) द्यायचा की वाढीव चटईक्षेत्र, याचा निकाल लागेपर्यंत पालिकेला तिथे ब्लॉक बसवता येत नाहीत. असे असेल तर तुमच्या मुलीची वाट ज्याने अडवली असे तुम्हाला वाटते, तो माणूस स्वतःच्या जमिनीच्या मोबदल्याची वाट पाहत असण्याचा संभव आहे. आणि तो त्या दिवशी सभामंडपातही बसलेला असेल.

मी हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मी स्वतः यात चुकलेली आहे. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने दुकानापुढे हातभर उंच ओटा बांधला होता. बायाबापड्यांना रस्त्यावर उतरून जावे लागे. मी तावातावाने अर्ज केला, अतिक्रमण म्हणून. पुढे एका पावसात त्याच ओट्यावर आडोशाला उभी राहिले, तेव्हा कळले की पलीकडचे पावसाळी गटार तुंबले की पाणी थेट त्याच्या दुकानात शिरत असे, आणि त्यासाठी त्याचे स्वतःचे तीन अर्ज त्याच कार्यालयात पडून होते. त्याने ते मला प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवले, प्रत्येकावर शिक्का. शेवटी आम्ही दोघांनी मिळून गटाराचा अर्ज केला. गटार झाले, ओटा निम्मा झाला. तो पूर्ण गेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

एक थोडा टोचणारा प्रश्न : तुमचे नाव इथल्या मतदारयादीत आहे का? पत्रात तुम्ही ओझरते लिहिले आहे की मतदानाला तुम्ही ‘जमेल तसे गावी’ जाता. नऊ वर्षे एका ठिकाणी राहून, कर भरून, मुलीला तिथल्या शाळेत घालूनही तुमचे मत नांदेड जिल्ह्यात असेल, तर ‘तुम्ही मूळच्या कुठल्या’ या प्रश्नाला तुम्ही सरकारदरबारी दिलेले उत्तर ‘इथली नाही’ असेच आहे. महापालिकेच्या प्रभागाची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे राहण्याचे ठिकाण बदलल्याचा फॉर्म 8 एकदा भरला की काम होते. ऑनलाइनही भरता येतो. नगरसेवकाच्या कार्यालयात गेल्यावर तिथला कार्यकर्ता यादीत नाव आहे का ते पाहतो, तेव्हा आपल्याला चीड येते. पण त्याच्या जागी आपण असतो तरी तेच केले असते. गावाशी नाते तोडा असे मी म्हणत नाही; देवाला, लग्नाकार्याला, आईवडिलांना भेटायला जातच राहा. मत मात्र जिथे कचरा टाकतो आणि पाणी भरतो, तिथे असावे.

‘मला राजकारणात पडायचे नाही’ हे वाक्य या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नेहमी असते. पडणे हे क्रियापद आपण राजकारणासाठी आणि विहिरीसाठी सारखेच वापरतो, हे गमतीचे आहे. तुमची भीती समजते : कुणीतरी फलकावर फोटो छापेल, सत्काराला बोलावेल, मग निवडणुकीत घरोघर फिरायला सांगेल. ही भीती अगदीच निराधार नाही. पण पदपथ, पाणी, दिवे, कचरा यांचे निर्णय निवडून आलेली माणसेच घेतात, आणि त्यांच्याशी बोलणे टाळून हे विषय सुटत नाहीत. 1992 मध्ये मंजूर झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला घटनेत स्थान दिले, ते याचसाठी. तेव्हा राजकारणापासून अंतर किती ठेवायचे, ते मोजून ठेवा. पाठ फिरवू नका. आमच्या भागातल्या नागरिकांच्या गटाने दोन साधे नियम पाळले होते. गटाच्या नावाने कुणाच्याही अभिनंदनाचा फलक लावायचा नाही, आणि ज्याला निवडणूक लढवायची असेल त्याने आधी गटाची जबाबदारी सोडायची, मग खुशाल लढवायची. दुसरा नियम एकदा वापरावा लागला. त्या बाई निवडून आल्या नाहीत, आणि वर्षभराने पुन्हा आमच्यात येऊन बसल्या, कुणाला काही वाटले नाही.

मुंबई सोडली तर राज्यातल्या बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून एकाहून अधिक, पुष्कळदा चार, नगरसेवक निवडून येतात. याचा नागरिकांना होणारा त्रास असा की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून पत्र एकाच नगरसेवकाला देऊ नका. चौघांच्या नावाने एकच पत्र लिहा, आणि प्रत्येकाला दिलेल्या प्रतीवर बाकीच्या तिघांची नावेही दिसू द्या.

आता तुमचे तीन पर्याय. सोसायटीच्या कमिटीत जरूर जा, पण पदपथासाठी नव्हे. कमिटीची मुदत पाच वर्षांची असते, महिलांसाठी दोन जागा राखीव असतात, आणि हिशेब कळणारा माणूस मिळाला तर कुठलीही सोसायटी त्याला ओवाळून घेईल. पण आत गेलात की पाण्याचे टँकर, लिफ्टची देखभाल, थकबाकीदार आणि पार्किंगची भांडणे यांतच दिवस जातात. बाहेरच्या रस्त्यासाठी सवड उरत नाही. तुमच्या कामाला कमिटीतल्या खुर्चीपेक्षा कमिटीचा ठराव अधिक उपयोगी आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. तिच्या आधी सचिवांना लेखी कळवून ‘शाळेच्या रस्त्यावरील पदपथाबाबत पालिकेशी पत्रव्यवहार करणे’ हा विषय पत्रिकेत घालून घ्या. ठराव झाला की 112 घरांच्या वतीने, संस्थेच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह पत्र जाते. एकट्या बाईची तक्रार आणि नोंदणीकृत संस्थेचे पत्र यांत आवक खिडकीवरचा कारकूनसुद्धा फरक करतो. योग्य नाही, पण असे आहे.

नवा मंच काढण्याचा विचार मात्र तूर्त बाजूला ठेवा. आपल्याकडे चार माणसे जमली की आधी नाव ठरते, मग बोधचिन्ह, मग अध्यक्ष कोण यावरून दोन मंच होतात. नोंदणी केलीत तर धर्मादाय कार्यालयातले हिशेब, लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलल्याचे बदल अर्ज मागे लागतात. तुम्ही हिशेबातल्या असल्यामुळे ते सगळे तुमच्याच गळ्यात पडेल, हे मी लिहून देते. पाच-सात माणसांचा बिननावाचा गट पुरे असतो. मुंबईत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात पालिकेच्या मदतीने गल्लीगल्लीतले नागरिक गट उभे राहिले. एएलएम या नावाने ते ओळखले जातात. त्यांतले जे टिकले, त्यांचा आवाका एका गल्लीचा, फार तर दोन रस्त्यांचा होता. 200 मीटर हा त्या मानाने अगदी बेताचा आकार आहे.

आणि या गटात निदान दोन घरे जुन्या गावातली हवीत. त्यावाचून हे काम सुरूच करू नका, असे मी म्हणेन. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा गणेश वासुदेव जोशी यांनी, म्हणजे सार्वजनिक काकांनी, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अट घातली होती. सभासद व्हायचे तर किमान 50 माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. 95 सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे 6000 माणसांच्या सह्या होत्या. सुरुवातीचे निमित्तही स्थानिकच होते : पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दलची तक्रार. ‘आम्ही नागरिक’ असे म्हणण्याआधी नागरिकांच्या दारात जाऊन यायचे, ही ती रीत. तुम्ही 50 सह्या गोळा करायला निघा. 40 सोसायटीतून तासाभरात, ग्रुपवर एक संदेश टाकून मिळतील. उरलेल्या 10 गावातून मिळवायला तीन रविवार लागतील, चहा घ्यावा लागेल, ‘मूळच्या कुठल्या’ या प्रश्नाला दहा वेळा उत्तर द्यावे लागेल. खरे काम त्या दहा सह्यांत आहे. त्या मिळवताना जमीन कोणाची, मोबदल्याचे काय अडले, मालक तोवर निदान कडेने मुरूम टाकून चालण्यापुरती वाट मोकळी ठेवू देईल का, हे सगळे आपोआप कळत जाते. मालकाच्या संमतीने मुरमाची वाट दोन दिवसांत होऊ शकते. भूसंपादनाला किती वर्षे लागतील ते कुणी सांगू शकत नाही.

शाळेत जाणारी मुले गावातल्या घरांतूनही निघतात, हे विसरू नका. शाळेच्या फाटकापाशी, पावणेबाराच्या सुमाराला, हातात डबा आणि छत्री घेऊन उभ्या असलेल्या आया आणि आजोबा यांच्यात कोण गाववाला आणि कोण सोसायटीवाला हे फारसे शिल्लक राहत नाही. सभामंडपापेक्षा ती जागा तुमच्यासाठी बरी. शाळा पालिकेची किंवा अनुदानित असेल, तर शिक्षण हक्क कायद्यानुसार तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी या समितीने लिहिलेले पत्र बाजूला सारणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाते.

कागदाचे काम कसे चालते, तेही सांगते, कारण ऑनलाइन तक्रार निकाली निघाली म्हणून तुम्ही खचलात असे दिसते. ऑनलाइन तक्रारीचा उपयोग पेटत नसलेल्या दिव्यासाठी किंवा न उचललेल्या कचऱ्यासाठी होतो. ज्याला जागा, निधी आणि दोन विभागांच्या सह्या लागतात, ते काम तिथून होत नाही. क्षेत्रीय कार्यालयात जा. तळमजल्यावर आवक-जावकची खिडकी असते. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक ते ठेवतात, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून परत देतात. ती पोच हीच तुमची ठेव. घाईत कारकून फक्त शिक्का मारतो आणि क्रमांक घालायचा राहतो, तो तिथेच मागून घ्या. मग कोणाच्या टेबलावर अर्ज जाईल ते विचारा. रस्त्याचा विषय बहुधा कनिष्ठ अभियंत्याकडे जातो. पंधरा दिवसांनी त्यांना भेटायला जाल, तेव्हा तक्रार सांगू नका, आवक क्रमांक सांगा. आणि त्यांना जागेवर यायला सांगा, शाळा सुटण्याच्या वेळी. मी पाहिलेले अभियंते कार्यालयात जितके त्रासिक वाटतात तितके रस्त्यावर वाटत नाहीत. हातात टेप आली की त्यांचा सूर बदलतो.

जागेचा प्रश्न आहे का, हे तोंडी कळले नाही तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो. ‘पदपथ का केला नाही’ असे विचारू नका, ‘का’चे उत्तर देण्यास ते बांधील नसतात. ‘अमुक ते अमुक या लांबीतील रस्त्याची मंजूर रुंदी आणि ताब्यात आलेली जागा दर्शवणाऱ्या नकाशाची प्रत द्यावी’ असे मागा. पण हा अर्ज गावात दोन-चार ओळखी झाल्यावर करा, आधी नको. आधी केलात तर ‘सोसायटीवालीने आमच्या जमिनीची माहिती काढली’ एवढेच गावभर होईल.

जागा पालिकेचीच निघाली, तर छोट्या कामांसाठी आणखी एक वाट आहे. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामे सुचवता येतात. साधारण 5 लाखांपर्यंतची कामे, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून, बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात. तुमच्या शहरात अशी सोय आहे का ते विचारा. नसली तरी अंदाजपत्रकाचे पुस्तक जाहीर असते, आणि ते उघडून आपल्या प्रभागाच्या नावापुढे काय काय लिहिले आहे हे वाचणारा नागरिक हजारात एक सापडतो. तुमचा तो रोजचा व्यवसाय आहे. ‘तरतूद होती, खर्च झाली नाही’ एवढी एक ओळ शोधून काढलीत, तर सभामंडपातही तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील, विशेषतः मिळकतकरावर चर्चा चालू असताना. त्यांच्या विषयात तुम्ही उपयोगी पडलात की तुमच्या विषयाला वेळ मिळेल. याला कुणी हिशेबीपणा म्हणेल. मी शेजारधर्म म्हणते.

सावधगिरीची एक गोष्ट. शहराच्या कडेच्या जमिनींत मोठे पैसे गुंतलेले असतात. अर्जात कुणाचे नाव घालू नका, जागेबद्दल लिहा. ग्रुपवर कुणाच्या घराचे, कुंपणाचे फोटो टाकू नका. बोलायला एकट्या जाऊ नका, आणि कुणी दमदाटीच्या सुरात बोललेच तर तिथे उत्तर न देता घरी या, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि गटाला सांगा. धमकी असेल तर पोलीस ठाण्यात लेखी द्या. एवढ्यावर काम थांबवावेसे वाटले तर थांबवा. त्यात कमीपणा नाही, मुलीची आई सुखरूप असणे हेही महत्त्वाचे आहे.

तुमचे पती ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणतात, त्याचा मला राग आला नाही. दिवसभराची नोकरी, येण्याजाण्याचे दोन तास, आणि रविवारी बायको सह्या घेत फिरणार, हे चित्र त्यांना दिसत असणार. त्यांच्याशी तत्त्वावर वाद घालू नका, वेळेवर बोला. महिन्याला दोन रविवारच्या सकाळी आणि एक अर्धी रजा, एवढेच, आणि दिवाळीपर्यंत. मग पुन्हा बघू. या कामात माणसे थकतात ती बहुधा पहिल्या तीन महिन्यांत रोज रात्री अकरापर्यंत ग्रुपवर वाद घातल्यामुळे. आमच्या गटातली सर्वांत टिकाऊ सदस्य म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. त्या महिन्यातून एकदाच येत, दर वेळी वहीत मागच्या बैठकीत कोणी काय कबूल केले होते ते वाचून दाखवत, आणि घरी जात. त्यांच्या त्या वहीचा धाक मोठा होता.

अशाच अर्थाची आणखी पत्रे आली आहेत, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठीही. जे भाड्याने राहतात त्यांना सोसायटीच्या सभेत मत नसते, पण मतदारयादीत नाव नोंदवता येते, शाळेच्या समितीत बसता येते, आणि वॉर्ड कार्यालयाची खिडकी कुणाला मालक आहात का असे विचारत नाही. जे अजून ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहेत, मग ते बंगल्यात राहोत की टॉवरमध्ये, त्यांनी पुढच्या ग्रामसभेला जावे. ती आहे तोवर तिची किंमत कळत नाही. आणि ज्यांना तक्रार, अर्ज, पाठपुरावा हे काहीच झेपणारे नाही, त्यांच्यासाठी गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये आहेत. 1967 च्या कायद्यानंतर शासनमान्यता मिळालेल्या या ग्रंथालयांना कार्यकारिणीवर बसायला तरुण माणसे मिळत नाहीत. संध्याकाळी तास-दीड तास तिथे बसणाऱ्याला वर्षभरात अर्धे गाव ओळखू लागते.

राहता राहिली सभामंडपातली पुढची बैठक. ती महिनाअखेरीस आहे असे तुम्ही लिहिले आहे. जा. या वेळी हात वर करू नका, मागे बायकांच्या बाजूला बसा आणि कराबद्दल काय चालले आहे ते पूर्ण ऐका. बैठक सुटल्यावर त्या वयस्कर गृहस्थांना गाठा आणि मागच्या वेळी राहिलेले उत्तर द्या : जिल्हा, तालुका, गाव, माहेरचे आडनाव, सगळे. मग त्यांना विचारा की त्यांची नातवंडे कोणत्या शाळेत जातात, आणि कोणत्या रस्त्याने.